पिठातले लाल भुंगे: बरणीत कसे पाळायचे, नर-मादी कसे ओळखायचे, क्रॉस कसा लावायचा

मैद्याचा डबा बरेच दिवस उघडला नाही की त्यात बारीक चपटे तांबूस किडे पळताना दिसतात, हे सगळं त्यांच्याबद्दल आहे. कोणी त्यांना भुंगे म्हणतं, कोणी पोरकिडे, कोणी सरसकट सोंडे म्हणून मोकळं होतं. चाळून फेकले की विषय संपला असं बहुतेकांना वाटतं, पण माझं म्हणणं आहे की पंधरा-वीस बाजूला काढा आणि महिना-दोन महिने बरणीत ठेवून बघा. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला याच्याइतका स्वस्त प्राणी नाही, वास फारसा नाही, पाणी द्यायला लागत नाही, आणि एकदा त्याचं आयुष्य डोळ्यांनी बघितलं की स्वयंपाकघरात आपण नेमकं काय उलटं करत होतो ते आपोआप कळतं.

आधी किडा नक्की कोणता ते बघा

सोंडा वेगळा. त्याला तोंडापुढे लांब सोंड असते, तो गव्हा-तांदळाच्या अख्ख्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि पोर आतल्या आत दाणा पोखरतं. आपल्या लाल भुंग्याला सोंड नसते, लांबी 3 ते 4 मिमी, अंग चपटं आणि गुळगुळीत. धडधाकट अख्खा दाणा त्याच्या जबड्याला झेपत नाही म्हणून तो पीठ, रवा, मैदा, तुकडा तांदूळ, दाण्यांचा भुगा यावर जगतो. म्हणजे अख्ख्या गव्हाच्या कोठीत लाल भुंगे खूप दिसले तर समजायचं की एकतर तुकडा-भुसा जास्त आहे नाहीतर सोंडे आधी येऊन दाणे फोडून गेलेत. पिठात जाळी धरली असेल, गुठळ्या लोंबत असतील तर ते पाकोळीच्या अळ्यांचं काम, भुंग्याचं नाही. आणि किडा फारच बारीक-लांबट असेल आणि मानेजवळच्या भागाला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते दिसले तर तो दातेरी भुंगा, तोही आपल्या कामाचा नाही.

लाल भुंग्यातही दोन जवळच्या जाती आहेत, ट्रायबोलियम कॅस्टॅनियम आणि ट्रायबोलियम कन्फ्यूजम. नुसत्या डोळ्यांनी दोघे सारखेच. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाहीतर मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, आणि मिशीचं टोक बघा. कॅस्टॅनियमच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम जाड होतात, अगदी गदेसारखे. कन्फ्यूजमची मिशी बुडापासून टोकाकडे हळूहळू जाड होत जाते, मध्ये कुठे उडी नाही. दुसरी खूण डोळ्यांची. किडा उलटा केला की कॅस्टॅनियमच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं दिसतं, कन्फ्यूजमचं बरंच जास्त. कॅस्टॅनियम उष्ण हवेचा किडा आणि तो उडतो, कन्फ्यूजमला पंख असून तो उडत नाही आणि त्याला थंड हवा जास्त मानवते. आपल्याकडच्या डब्यात बहुतेक वेळा कॅस्टॅनियमच सापडेल.

बरणी लावायची कशी

काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या, आतून स्वच्छ पुसलेली, कारण स्वच्छ काचेवर हे किडे चढू शकत नाहीत, घसरतात. पण काचेवर पिठाचा थर बसला की त्याला धरून वर येतात म्हणून पीठ भरताना कडा पुसून घ्यायच्या. प्लास्टिकचा ओरखडे पडलेला डबा नको. तोंडाला मलमलचा कपडा दुहेरी करून घट्ट रबरबँड लावा, घट्ट झाकण लावू नका. आणि बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका, हे मुद्दाम सांगतोय, कॅस्टॅनियम उडतो, मग घरच्यांनी प्रोजेक्टसकट बाहेर काढलं तर माझ्याकडे तक्रार आणू नका.

खायला काय? जगभरच्या लॅबमध्ये ठरलेलं मिश्रण आहे, 95 टक्के गव्हाचं पीठ आणि 5 टक्के यीस्ट, वजनाने. म्हणजे 190 ग्रॅम कणीक असेल तर 10 ग्रॅम यीस्ट, बेकरीच्या सामानात मिळणारं ड्राय यीस्ट चालतं. यीस्ट नसेल तरी कोंड्यासकटच्या कणकेवर वाढतात, फक्त हळू वाढतात. पीठ वापरायच्या आधी पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर दुकानातूनच आलेली अंडी तुमच्या हिशोबात मिसळतील आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होईल. बरणीत दोन-तीन सेंमी थर पुरे. वीसेक मोठे किडे सोडा आणि तारीख चिकटवा.

तापमान हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. 35 अंशांच्या आसपास आणि हवेत बऱ्यापैकी दमटपणा असला तर अंड्यापासून पूर्ण भुंगा व्हायला जेमतेम तीन आठवडे, 30 अंशांना साधारण महिना, 25 ला दीड महिना किंवा जास्त, आणि 20 च्या खाली गाडी जवळपास थांबते. त्यामुळे पुण्यात मार्च ते जून नुसत्या कपाटात बरणी ठेवली तरी भागतं, डिसेंबरात मात्र काही हलत नाही असं वाटतं आणि मुलं कंटाळतात. मुंबई-कोकणात ही अडचण फारशी येत नाही. थंडीत फ्रिजच्या मागच्या बाजूला किंवा वायफायच्या राउटरजवळ ऊब असते तिथे ठेवा, उन्हात ठेवू नका, काचेची बरणी आतून भट्टी होते.

काय काय दिसेल

अंडी पांढरी, अर्ध्या मिमीहून थोडी मोठी, आणि मुख्य म्हणजे चिकट. घातल्या घातल्या त्यांना पीठ चिकटतं त्यामुळे पिठात अंडं शोधणं जवळपास अशक्य. बघायचीच असतील तर मैदा आधी वस्त्रगाळ करून घ्या, त्यात दहा-बारा भुंगे एक-दोन दिवस सोडा, मग भुंगे उचलून मैदा परत त्याच कपड्यातून गाळा. कपड्यावर जे बारीक कण राहतात ते काळ्या कागदावर घेऊन भिंगाने बघा, पीठ थापलेली लांबट अंडी दिसतील. आता हेच आपल्या कणकेच्या चाळणीला लावून बघा. चाळणीची भोकं अंड्यापेक्षा कितीतरी मोठी. वर भुंगे राहतात, कोंडा राहतो, आणि अंडी पिठासोबत खाली जाऊन परत डब्यात. चाळून डबा भरला आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा अळ्या, महिन्याभरात भुंगे, हे कसं होतं ते इथे कळतं.

तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अळी आधी पांढरी, नंतर पिवळसर, वाढून 6 मिमीपर्यंत जाते आणि शेपटाला दोन काळपट टोकं असतात, ती खूण. सहा-सात वेळा कात टाकते, अन्न कमी असलं तर जास्त वेळा. मग ती पिठाच्या पृष्ठभागाजवळ येऊन कोष होते. रेशमाच्या किड्यासारखं वेष्टण वगैरे काही नाही, कोष उघडाच, पांढरा, पोट हलवत पडलेला. आठवड्याच्या आत त्यातून भुंगा निघतो, निघतो तेव्हा फिकट पिवळट, दोन-तीन दिवसांत तांबडा होतो. बरणीत फिकट किडा दिसला म्हणून आजारी समजू नका.

पाणी न पिता हे जगतात कसे असं मुलं हमखास विचारतात. यांच्या मूत्रनलिकांची टोकं आतड्याच्या शेवटच्या भागाला घट्ट बिलगलेली असतात आणि विष्ठेतलं पाणी बाहेर जाऊ न देता शोषून परत अंगात घेतलं जातं. म्हणून कोरड्याठाक मैद्यातही यांचं छान चालतं, नुसतं पीठ कोरडं ठेवलं की किडे होणार नाहीत हा भरवसा इथे चालत नाही.

गर्दी झाली की बरणीत खरी मजा सुरू होते, म्हणजे आपल्यासाठी मजा. मोठे भुंगे आणि अळ्या आपल्याच जातीची अंडी आणि कोष खातात. शिवाय गर्दीत भुंगे अंगातल्या ग्रंथींमधून क्विनोन नावाची रसायनं सोडतात, पीठ गुलाबी-राखाडी दिसायला लागतं आणि एक तिखट, औषधी वास येतो. असं पीठ चाळूनसुद्धा खाऊ नका, चव कडवट होते आणि कणीक नीट ताणली जात नाही. बरणीतलं पीठ रंग बदलायला लागलं की नवीन पीठ घालून भुंगे हलवा, तीन-चार आठवड्यांनी हे करावंच लागतं.

शिकागो विद्यापीठात थॉमस पार्क यांनी याच दोन जाती एकाच पिठात कोंडून वर्षानुवर्षं मोजणी केली, त्यांचे गाजलेले लेख 1948 आणि 1954 चे. 34 अंश आणि दमट हवा असली की दरवेळी कॅस्टॅनियम टिकला आणि कन्फ्यूजम संपला, 24 अंश आणि कोरडी हवा असली की दरवेळी उलटं. मधल्या हवेत मात्र तेच पीठ, तेवढेच किडे असूनही कधी हा जिंकला कधी तो. आणि पिठात एक सूक्ष्म परजीवी असला तर कॅस्टॅनियमची बाजू पडायची. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात स्पर्धेचा धडा असतो त्यामागे या पिठाच्या बाटल्या आहेत.

नर-मादी ओळखणं, आणि ते कोषातच का

क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी जमवून पोरांत कोणते गुण उतरतात ते बघायचं, तर कुमारी मादी लागते. मोठी झालेली मादी दोन-तीन दिवसांत मिलनाला तयार होते आणि एकदा मिलन झालं की नराचं बीज पोटातल्या पिशवीत साठवून पुढे कित्येक महिने फलित अंडी घालत राहते, आयुष्यात मिळून तीनशे-चारशे सहज. एकच मादी डब्यात राहिली तरी पुरे होतं ते याचमुळे, नर असायची गरजच नाही. त्यामुळे डब्यातून उचललेली मादी क्रॉसला निरुपयोगी, तिची पोरं कोणाची ते सांगताच येणार नाही.

म्हणून कोष वेगळे काढायचे. रंगकामाचा शून्य नंबरचा ब्रश किंचित ओला करून कोष उचला, काळ्या कागदावर पोट वर करून ठेवा, भिंग लावा आणि शेपटाकडे बघा. अगदी टोकाला दोन काटे दिसतात, ते दोघांनाही असतात, त्यांच्यावर जाऊ नका. त्यांच्या जरा अलीकडे, पोटाच्या बाजूला, मादीला बोटांसारखे दोन छोटे उंचवटे असतात, स्पष्ट बाहेर आलेले. नराला तिथे नुसता बारीकसा फुगवटा. पहिले दहा-बारा कोष बघताना सगळे एकसारखे वाटतील, मग एकदम फरक दिसायला लागतो आणि नंतर मिनिटाला बरेच होतात. प्रकाश बाजूने पडू द्या, सरळ वरून टॉर्च मारला तर उंचवट्याची सावली पडत नाही आणि काही कळत नाही.

नर कोष एका बाटलीत, मादी कोष दुसऱ्या बाटलीत. पंधरा दिवसांनी मादीच्या बाटलीत अळ्या दिसल्या तर कुठेतरी नर घुसलाय, ती बाटली बाद. मोठा झालेला कॅस्टॅनियम नर ओळखायचा तर त्याच्या पुढच्या पायाच्या मांडीला आतल्या बाजूने एक छोटा केसाळ ठिपका असतो, बऱ्याचदा त्यावर पीठ चिकटलेलं असतं. मादीला तो नसतो.

क्रॉस

या किड्याला गुणसूत्रांच्या 10 जोड्या, त्यातली एक लिंगाची, मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय, आपल्यासारखंच. लॅबमध्ये याचे बरेच उत्परिवर्तित वाण ठेवलेले असतात. शिकवायला दोन चांगले. एक 'पर्ल', ज्यात डोळे काळ्याऐवजी पांढरट असतात आणि हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. दुसरा 'ब्लॅक', अंग काळं, पण हा अर्धवट प्रभावी, म्हणजे काळा आणि तांबडा यांची पोरं काळीही नाहीत आणि तांबडीही नाहीत, ब्राँझसारखी मधल्या रंगाची. हे वाण डब्यात सापडत नाहीत, कीटकशास्त्र किंवा जेनेटिक्सची लॅब असलेल्या ठिकाणी सरांना-मॅडमना विचारून आणावे लागतात.

पाच पर्ल मादी आणि पाच साधे नर एका बाटलीत घाला, दुसऱ्या बाटलीत उलटं म्हणजे पर्ल नर आणि साध्या मादी. एक आठवडा अंडी घालू द्या मग मोठे किडे काढून टाका, हे विसरू नका नाहीतर आई-बाप आणि पोरं एकत्र मोजली जातील आणि वर अंडी खाल्ली जातील ती वेगळीच. पहिल्या पिढीत दोन्ही बाटल्यांत सगळे काळ्या डोळ्यांचे आले पाहिजेत. त्यांचे कोष वेगळे करून भावंडांतच जोड्या लावा आणि दुसरी पिढी मोजा. समजा 200 मोजले आणि 160 काळे, 40 पांढरट डोळ्यांचे निघाले. मेंडेलच्या 3:1 च्या हिशोबाने अपेक्षा 150 आणि 50 ची होती. फरक 10, त्याचा वर्ग 100, भागिले 150 आणि भागिले 50, बेरीज 2.67. ही काय-स्क्वेअर कसोटी, अपेक्षा आणि मोजणीतला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते तपासायची. तिची मर्यादा इथे 3.84, आपला आकडा त्याच्या आत, म्हणजे मेंडेल सुटला. ब्लॅकच्या बाबतीत दुसऱ्या पिढीत 1:2:1 यायला हवं आणि तिथे मर्यादा 5.99. तीस-चाळीस किड्यांवर निकाल काढू नका, कमीत कमी दोनशे मोजा, किडा फुकटचा आहे.

आता या किड्यात मेंडेलला चकवणारी एक भानगड आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. 1992 साली बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिया नावाच्या जनुकांबद्दल सायन्स या नियतकालिकात लिहिलं. ज्या आईत हे जनुक एका प्रतीत आहे तिची अर्धी पोरं ते घेऊन जन्मतात, अर्धी न घेता. न घेतलेली पोरं मरतात. आईने अंड्यातच असं काहीतरी भरलेलं असतं की ज्याचा उतारा फक्त त्या जनुकाकडे आहे. हेच जनुक आईऐवजी बापाकडे असलं तर कोणी मरत नाही. म्हणून उलटसुलट दोन्ही क्रॉस लावायचे असं वर सांगितलं, नुसती शिस्त म्हणून नाही. एका दिशेने अर्धी अंडी वाया जातायत आणि दुसऱ्या दिशेने नाही असं दिसलं तर ते हिशोबातलं चुकणं समजून सोडून देऊ नका.

पुढचं मोठं काम म्हणजे 2008 मध्ये नेचर या नियतकालिकात कॅस्टॅनियमचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, आला, भुंगेऱ्यांमधला पहिला. आणि या किड्यात आरएनएआय फार छान चालतं, म्हणजे ज्या जनुकाचं तोंड बंद करायचं त्याचा दुहेरी आरएनए मादीच्या अंगात टोचला की परिणाम तिच्या पोरांतसुद्धा दिसतो. फळमाशीत हे असं सहज होत नाही, त्यामुळे गर्भाची वाढ समजून घ्यायला लॅबवाल्यांना हा पिठातला किडा लागतो. घरी करायचं हे काम नाही, पण प्रोजेक्टच्या फाइलमध्ये दोन ओळी जरूर लिहा.

गोदामातल्या गोळ्या आणि जेनेटिक्स

गोदामात धान्यावर ताडपत्री टाकून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यातून फॉस्फिन वायू निघतो. लाल भुंगे या वायूला न जुमानायला लागले त्यामागे मुख्यतः दोन जनुकं आहेत. एकट्या जनुकाने थोडीच सहनशक्ती येते, दोन्ही एकत्र आली की कितीतरी पट. त्यातलं एक 2012 मध्ये नेमकं सापडलं, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतल्या एका एन्झाइमचं, आणि भारतातल्या भुंग्यांत त्याचा एक वेगळाच बदल नंतर मिळाला. हा गुण बराचसा अप्रभावी असतो, वरच्या पर्लसारखा, म्हणजे एक प्रत असलेले भुंगे वायूने मरतात पण जे वाचतात ते दोन प्रतींचे. ताडपत्री फाटकी, कडेला वाळूच्या पिशव्या नीट नाहीत, ठरलेले दिवस भरायच्या आधीच उघडलं, की नेमके तेच निवडून मागे ठेवल्यासारखं होतं.

या गोळ्या घरात आणायच्या नाहीत. धान्याच्या कोठीत एखादी टाकली तर काय होतं असं म्हणणारे गावोगावी भेटतात. या विषाला उतारा नाही आणि बंद खोलीत झोपलेली माणसं यामुळे गेली आहेत.

आता आपला डबा

बरणीत जे बघितलं त्यावरूनच ठरवायचं. 20 अंशांच्या खाली वाढ थांबते, म्हणून मैदा-रवा फ्रिजमध्ये ठेवला तर किडे होत नाहीत पण आधीची अंडी मेलीच असं नाही. मारायचं तर फ्रीझर आणि आठवडाभर. 50 अंशांच्या वर कोणतीच अवस्था फार काळ टिकत नाही, म्हणून रवा आणल्या आणल्या भाजून ठेवायची आपल्याकडची पद्धत एकदम बरोबर, भाजताना अंडी मरतात, फक्त नंतर डबा घट्ट लागला पाहिजे. उन्हात घालायचं तर पातळ थर द्या आणि वर काळं प्लास्टिक टाका, उघड्यावर घातलं की मोठे भुंगे सावलीकडे पळून जातात आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं. गव्हाला एरंडेल चोळणं सोंड्यांसाठी ठीक, पिठाला कुठे चोळणार. कडुलिंबाच्या पाल्याने थोडे दूर राहतात, आत घातलेल्या अंड्यांना त्याने काही होत नाही.

आणि ज्यांच्याकडे घरघंटी आहे त्यांनी तिच्या आत बघा. जाळीच्या मागे, पीठ पडायच्या नळीच्या कोपऱ्यात, पिठाच्या कापडी पिशवीच्या शिवणीत जे चमचाभर जुनं पीठ अडकून राहतं त्यात सगळ्या अवस्था एकदम मिळतील, अळ्या, कोष, भुंगे. गहू कितीही चांगला घेतला तरी पीठ तिथूनच लागट होऊन निघतं. दळण झालं की ब्रशने झाडून घ्या आणि पिशवी गरम पाण्यात धुवून कडक वाळवा. डबे धुताना झाकणाच्या आटेदार खाचा टूथब्रशने घासा. नवीन पीठ जुन्यावर ओतू नका.

प्रोजेक्ट संपला की बरणी तशीच फ्रीझरमध्ये पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा आणि मगच पीठ टाका. जिवंत पीठ कचऱ्याच्या डब्यात किंवा कुंडीत गेलं तर ते उडून परत येतील. लॅबमधून आणलेले पर्ल-ब्लॅक वाण तर बाहेर सोडायचेच नाहीत, उरले असतील तर चिठ्ठी लावून ज्यांच्याकडून आणले त्यांना परत द्या, पुढच्या बॅचला लागतात.